जाणीव कशी घडते ते घरी तपासायचं: कागद, सुई, हातमोजा आणि कन्नड अक्षरं

दवाखान्यात पेशंटजवळ बसलेल्याला डॉक्टर विचारतात, "शुद्धीवर आहेत का?" शुद्ध म्हणजे जागेपण. ती टिकवण्याचं काम मेंदूच्या देठात, मानेच्या वरच्या बाजूला असलेल्या पेशींच्या जाळ्यातून चालतं. मोरुत्सी आणि मॅगून या दोघांनी ते १९४९ मध्ये मांजरांवर दाखवून दिलं. जाणीव हा वेगळा प्रश्न आहे. माणूस जागा आहे हे ठरल्यावर त्या क्षणी त्याला काय दिसतं, काय ऐकू येतं, कोणता हात आपला वाटतो, हे सगळं जाणिवेत येतं. खालचे प्रयोग जाणिवेबद्दल आहेत. कुणी खरोखर बेशुद्ध पडलं असेल तर प्रयोग नको, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळेत किंवा गावच्या वाचनालयात आठ-दहा जणांना घेऊन हे सगळं दोन तासांत होतं. सामान असं: पांढरे कोरे कागद, ३० सेंटीमीटरची पट्टी, सुई, जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद, चार रंगांची स्केचपेनं, भांडी घासायचा रबरी हातमोजा, दोन सारखे रंगाचे ब्रश, एक टॉवेल आणि सेकंद मोजायला मोबाइल. हौसेनं लुकलुकणारे दिवे लावू नका. ज्याला फिट येते त्याला त्यानं त्रास होऊ शकतो.

आधी डोळ्यातलं भोक

पोस्टकार्डाएवढा कागद आडवा धरा. डावीकडे एक फुली काढा. तिच्या उजवीकडे, त्याच ओळीत, बरोबर ८ सेंटीमीटरवर १ सेंटीमीटर रुंदीचा काळा ठिपका भरा. डावा डोळा तळहातानं झाका, दाबू नका. उजव्या डोळ्यानं फक्त फुलीकडे बघत कागद लांबून सावकाश जवळ आणा. साधारण ३० सेंटीमीटरवर, म्हणजे डोळ्यापासून एका पट्टीच्या अंतरावर, ठिपका नाहीसा होतो. आणखी जवळ आणलात की परत दिसतो.

दृष्टीची नस डोळ्यातून बाहेर पडते तिथं प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. मारिओत नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं ही जागा सतराव्या शतकात शोधली. ती नजरेच्या मध्यापासून सुमारे १५ अंश बाहेरच्या बाजूला असते, म्हणून ८ आणि ३० हे आकडे जुळतात.

ज्यांना जमत नाही त्यांच्यात बहुतेकांची नजर नकळत ठिपक्याकडे सरकलेली असते. समोर एकाला बसवून बुबुळावर लक्ष ठेवायला सांगा, तो लगेच पकडेल. कागद तिरका धरला किंवा उजवा डोळा झाकला तरीही फसतं.

जमलं की खरं पाहायचं ते पुढं. ठिपक्यातून आरपार एक जाड आडवी रेघ ओढा आणि पुन्हा करा. ठिपका जातो, रेघ मात्र सलग दिसते. तिथं काळं भोक दिसत नाही, पांढरा डाग दिसत नाही, काही कमी असल्याची शंकासुद्धा येत नाही. हा मुद्दा घाईत जाऊ देऊ नका. जिथून मेंदूला काहीच बातमी येत नाही, तिथंही आपल्याला जग भरलेलंच वाटतं.

पावसाळी आभाळ आणि सुईचं भोक

लग्नपत्रिकेच्या तुकड्याला सुईनं १ मिलिमीटरचं भोक पाडा. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात जे एकसारखं पांढरं, उजेडाचं आभाळ असतं ते यासाठी उत्तम. सूर्याकडे किंवा सूर्य ज्या ढगामागं आहे त्या बाजूला बघायचं नाही, मुलांना हे दोनदा बजावा. एक डोळा मिटा. भोक दुसऱ्या डोळ्यापासून १-२ सेंटीमीटरवर धरून कागद २-३ मिलिमीटरच्या छोट्या गोलात भराभर हलवा. काही सेकंदांत वाळक्या झाडाच्या फांद्यांसारखं जाळं दिसू लागतं. त्या तुमच्याच डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या. कागद फक्त आडवा हलवला तर उभ्या फांद्या ठळक होतात, उभा हलवला तर आडव्या. अगदी मधोमध एक मोकळी जागा राहते, कारण सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या त्या ठिकाणी रक्तवाहिन्या नसतात.

हात थांबवला की जाळं क्षणात विरतं. या वाहिन्यांची सावली जन्मभर एकाच जागी पडत असते, आणि न बदलणारी गोष्ट जाणिवेपर्यंत पोचत नाही. भोक हलवलं की सावली सरकते आणि तिची दखल घ्यावी लागते. काहीच दिसलं नाही तर भोक मोठं झालंय किंवा हात हळू हलतोय, एवढंच.

याच्याच जोडीला आरसा: २०-२५ सेंटीमीटरवरून आधी आपल्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या, मग परत डाव्या. आपले डोळे हलताना कधीच दिसत नाहीत. शेजारी बसलेल्याला ते स्पष्ट दिसतात. नजर उडी मारते तेवढ्या वेळेपुरती येणारी पुसट प्रतिमा जाणिवेतून गाळली जाते. आरशाऐवजी मोबाइलचा पुढचा कॅमेरा वापरला तर मात्र डोळे हललेले दिसतात, कारण मोबाइलचं चित्र किंचित उशिरा येतं आणि तोवर नजर स्थिरावलेली असते.

दोन नळ्या

कोऱ्या कागदावर शेजारी शेजारी अडीच सेंटीमीटरचे दोन चौकोन आखा. डाव्यात उभ्या रेघा भरा, उजव्यात आडव्या, प्रत्येक रेघ २ मिलिमीटर जाड. दोन कागदांच्या ३० सेंटीमीटर लांबीच्या नळ्या करून दुर्बिणीसारख्या डोळ्यांना लावा. पुढची टोकं एकमेकांना टेकवून एकेका चौकोनावर ठेवा. नजर सैल सोडून, दूरचं बघतोय अशा बेतानं बघा. दोन्ही वर्तुळं एकावर एक आली की जाळी दिसेल असं वाटतं, पण तसं होत नाही. काही सेकंद उभ्या रेघा दिसतात, मग आडव्या, मध्येच दोन्हींचे तुकडे. मनानं ठरवून एकच चित्र धरून ठेवता येत नाही. वर्तुळं एकत्र येतच नसतील तर नळ्यांमधला कोन थोडा कमी-जास्त करा. एका डोळ्यानं खूप कमी दिसणाऱ्याला हा प्रयोग साधणार नाही, त्याला वेळ मोजायला बसवा.

आमच्या मते सगळ्या यादीत हा प्रयोग सर्वांत मोलाचा, आणि कारण साधं आहे. कागद तोच, उजेड तोच, डोळ्यात शिरणारं सगळं तेच. बदलते ती फक्त जाणीव. म्हणून मेंदूत त्याच वेळी काय बदललं ते शोधलं की जाणिवेचा माग लागतो. लोगोथेटिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माकडांना दोन डोळ्यांपुढे अशी वेगवेगळी चित्रं दाखवून, कोणतं दिसतंय ते त्यांच्याकडूनच कळवून घेतलं. डोळ्यांकडून बातमी जिथं आधी पोचते त्या मागच्या भागात साधारण पाचातली एकच पेशी माकडाला दिसणाऱ्या चित्राबरोबर बदलत होती. कानशिलाच्या आतल्या, वस्तू ओळखणाऱ्या भागात मात्र दहातल्या जवळपास नऊ.

म्हणजे सगळा मेंदू सारखा जाणीव घडवत नाही. माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत असतात. तरी लहान मेंदूला इजा झालेल्या माणसाचा तोल जातो, बोलणं अडखळतं, पण जाणीव शाबूत राहते. पेशी किती यापेक्षा त्या एकमेकींशी कशा जोडल्यात, याला जास्त महत्त्व आहे.

सीमाभागातच चांगला जमणारा प्रयोग

तीन कागद तयार करा. प्रत्येकावर पाचच्या चार ओळी, एकूण २० घरं. पहिल्यावर नुसते रंगाचे ठिपके: लाल, निळा, हिरवा, पिवळा, उलटसुलट क्रमानं. दुसऱ्यावर देवनागरीत रंगांची नावं, पण शाई भलत्याच रंगाची. 'लाल' निळ्या शाईनं, 'हिरवा' लाल शाईनं. तिसऱ्यावर तसंच, पण कन्नड लिपीत: केंपु, नीली, हसिरु, हळदी. पुढ्यात कागद ठेवायचा आणि मोठ्यानं, मराठीत, शाईचा रंग सांगत जायचं. शब्द वाचायचा नाही. चुकलं तर दुरुस्त करून पुढं. प्रत्येक कागदाचे सेकंद लिहून ठेवा.

दुसऱ्या कागदावर मराठी वाचणारा प्रत्येक जण अडखळतो. स्ट्रूपनं १९३५ मध्ये हेच मोजलं होतं: १०० रंग सांगायला सरासरी ६३ सेकंद लागत होते, ते भलत्या शब्दांमुळं ११० वर गेले. आपल्याकडची खरी गंमत तिसऱ्या कागदावर आहे. पहिलीपासून कन्नड शिकलेला नातू तिथंही अडखळतो. चंदगड-गडहिंग्लजकडून लग्न होऊन आलेली आत्या, जिला कन्नड अक्षर लागत नाही, ती मात्र ठिपक्यांच्याच वेगानं घडाघडा रंग सांगत जाते. तिच्या डोळ्यांपुढे वळणदार रेघा आहेत. नातवाच्या डोळ्यांपुढे शब्द आहे, तो नको असताना.

म्हणून गटात दोन्ही प्रकारची माणसं मुद्दाम बोलवा. एरवी हे समजवायला दूरच्या परक्या लिपीचा आधार घ्यावा लागतो. इथं एका घरातच दोन्ही सापडतात. वाचता येऊ लागलं की वाचणं आपल्या हुकमात राहत नाही. शब्द ओळखायचं काम आपली परवानगी न घेता होतं आणि जाणिवेपुढं तयार उत्तर येऊन उभं राहतं. त्याला मागं सारून शाईचा रंग पुढं आणायला जो वेळ जातो तोच आपण मोजतो. ती ओढाताण मेंदूच्या कपाळामागच्या भागात आणि दोन्ही अर्ध्या भागांच्या आतल्या, समोरासमोरच्या बाजूंवरच्या पट्ट्यात चालते.

पुढची पायरीही करा. नातवाला उत्तरं कन्नडमध्ये द्यायला सांगा. आता कन्नड कागदावरचा वेळ वाढतो, कारण शब्द आणि उत्तर एकाच भाषेतले झाले. कन्नड नुकतंच शिकायला लागलेल्या मुलाला कन्नड कागद कमी छळतो. वर्षभरानं तेच कागद परत द्या आणि फरक बघा.

चुका कुठं होतात: पिवळं स्केचपेन पांढऱ्यावर उठत नाही, त्याऐवजी हळदीसारखा गडद पिवळा घ्या. पिवळ्या बल्बखाली हा प्रयोग करू नका, दिवसा करा. एकच कागद तीनदा दिला की पाठ होतो, म्हणून क्रम बदललेल्या दोन प्रती ठेवा. कुणाला आधी ठिपके आणि कुणाला आधी शब्द द्या, नाहीतर सरावाचा परिणाम लिपीच्या खात्यावर जमा होईल. हुशार मुलं डोळे बारीक करून अक्षर पुसट करतात. त्यांना रागावू नका, कारण वाचणं टाळायला नजरच बिघडवावी लागते हे त्यांनी स्वतः शोधलंय. लाल-हिरवा ओळखण्यात कुणी चुकत असेल तर आधी ठिपक्यांच्या कागदावर कळेल. तो रंगांधळेपणा असू शकतो, चारचौघांत बोलायचा विषय नाही.

हातमोजा

डाव्या हाताचा मोजा घ्या, भाताच्या कोंड्यानं किंवा कापसानं गच्च भरा आणि मनगटाशी बांधा. माणसाला टेबलाशी बसवून त्याचा डावा हात टेबलावर ठेवा आणि उभ्या पुठ्ठ्याआड लपवा. पुठ्ठ्याच्या अलीकडे, खऱ्या हातापासून १५ सेंटीमीटरवर, मोजा तशाच दिशेनं ठेवा. खांद्यापासून मोज्याच्या मनगटापर्यंत टॉवेल टाका.

सुरू करण्याआधी त्याला डोळे मिटून, उजव्या हाताचं बोट टेबलाखालून सरकवत डाव्या तर्जनीच्या बरोबर खाली आणायला सांगा. तिथं खडूची खूण करा. मग डोळे उघडून मोज्याकडे बघायला सांगा आणि दोन ब्रशांनी खऱ्या तर्जनीवर आणि मोज्याच्या तर्जनीवर एकाच क्षणी, एकाच दिशेनं, साधारण सेकंदाला एक असे फटकारे मारा. दोन मिनिटं, न बोलता. मग विचारा, "ब्रश कुठं लागतोय?" "मोजा तुमचा वाटतोय का?" असं विचारू नका, उत्तर तुम्हीच तोंडात घातल्यासारखं होतं. बरेच जण मोज्याकडे बोट दाखवतात. टेबलाखालची खूण परत करायला सांगा, ती मोज्याच्या बाजूला सरकलेली सापडते.

आता तेच, पण मोज्यावरचा फटकारा अर्धा-एक सेकंद उशिरा. भास विरतो. हा दुसरा भाग केला नाही तर पहिल्याला काही अर्थ नाही, कारण नुसतं बघून वाटलं की वेळ जुळल्यामुळं वाटलं, हे कळणार नाही. बॉटविनिक आणि कोहेन यांनी हा प्रयोग १९९८ मध्ये मांडला. २००४ मध्ये असं दिसलं की भास होतो तेव्हा मेंदूतला हालचालींची आखणी करणारा पुढचा भाग जागा होतो. मोजा उलटा किंवा आडवा ठेवला, ३० सेंटीमीटरपेक्षा लांब गेला किंवा ब्रश मागंपुढं झाले तर जमत नाही. सगळं नीट करूनही काहींना काहीच वाटत नाही, तेही लिहा. शेवटी मोज्यावर हातोडी मारून दाखवायची पद्धत इंटरनेटवर फिरते. ती करू नका. दचकून खरा हात आपटतो, आणि दचकण्यावरून काही सिद्धही होत नाही.

उसाच्या चरकात किंवा कडबाकुट्टीत हात गेलेली माणसं आपल्या भागात आहेत. त्यांना नसलेला हात दुखतो, मूठ आवळल्यासारखी वाटते. हा प्रयोग पाहिलेल्यानं त्याला मनाचे खेळ म्हणू नये. हाताचा नकाशा मेंदूत असतो आणि हात गेला म्हणून नकाशा जात नाही. उरलेल्या हाताचं प्रतिबिंब आरशात दाखवून काहींना आराम पडतो. रामचंद्रन यांनी हा उपाय १९९० च्या दशकात पुढं आणला. अशा माणसाला मेंदूच्या किंवा फिजिओथेरपीच्या डॉक्टरांकडे पाठवा.

"मग मेंदू म्हणजेच जाणीव का?"

हा प्रश्न येणारच. खरं उत्तर द्या: मेंदूत अमुक घडलं की जाणिवेत तमुक घडतं, एवढं या प्रयोगांतून दिसतं. पेशींच्या हालचालीला आतून काही 'वाटतं' ते का, हे दिसत नाही. चाल्मर्स या तत्त्वज्ञानं १९९५ मध्ये याला अवघड प्रश्न म्हटलं. १९९८ मध्ये कॉख या मेंदूशास्त्रज्ञानं त्याच्याशी पैज लावली की २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण स्पष्ट सापडेल. २०२३ मध्ये कॉखनं हार मानून वाइनच्या बाटल्या दिल्या.

पारायणाला बसणारं कुणीतरी म्हणेल की आत्मा वेगळा. त्याला थांबवू नका आणि प्रयोगानं खोडायलाही जाऊ नका. वहीत तीन रकाने आखा: काय होईल असं वाटतं, काय झालं, किती सेकंद किंवा सेंटीमीटर. आत्मा मानणाऱ्यानं आणि न मानणाऱ्यानं पहिला रकाना ब्रश हातात घेण्याआधी, एकमेकांना न दाखवता भरायचा.