सिलिंडर उचलताना उसण भरू नये म्हणून, आणि भरलीच तर

घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो, पण रिकामी टाकीच साधारण १५-१६ किलोची. म्हणजे भरलेला सिलिंडर ३० किलोच्या घरात जातो. तो उचलताना आपण निदान सावध तरी असतो. ओट्याखाली सरकवताना मात्र वाकणे, हात लांब करणे आणि कंबर वळवणे एकाच वेळी होते, आणि चमक तिथेच भरते. कमरेपासून २० सेंटिमीटरवर धरलेले वजन ५० सेंटिमीटरवर गेले, तर त्याचा कमरेवरचा ताण अडीचपट होतो. वजन कमी करणे आपल्या हातात नाही, अंतर कमी करणे आहे.

१. चाकांचा स्टँड असेल तर उचलायची गरजच नाही. सिलिंडर ओट्याखाली ढकलताना एक गुडघा जमिनीवर टेका आणि दोन्ही तळहातांनी सरळ रेषेत लोटा.

२. उचलावाच लागला तर अगदी जवळ उभे राहा. पाय खांद्यांइतके फाकवा, एक किंचित पुढे. कंबर गोल न करता गुडघ्यांत आणि खुब्यांत वाका.

३. वरचे कडे दोन्ही हातांनी धरा. खोकण्याआधी पोट आवळते तसे आवळा आणि पायांच्या जोरावर उठा. हिसका देऊ नका.

४. वळायचे असेल तर पावले टाकून वळा. पाय जागेवर ठेवून कंबर पिळली की केलेले सगळे वाया.

जिना असेल तर दोघांनी धरा. सकाळी उठल्याउठल्या ही कामे नकोत. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्यांत पाणी भरलेले असते, त्या ताठ असतात आणि वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो. तासाभराने उचला.

एवढे करूनही उसण भरली, तर पाठीवर झोपा आणि पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, म्हणजे खुबे व गुडघे काटकोनात येतील. दहा-पंधरा मिनिटे पुरे. उठताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा. टॉवेलमधून १५-२० मिनिटे शेक द्या, आणि दिवसातून अनेकदा पाच-दहा मिनिटे घरातल्या घरात चाला. आठवडाभर अंथरुणात पडून राहिलात तर कंबर आणखी आखडते.

आपल्याकडे अशा वेळी पायाळू माणसाला बोलावून कमरेला पाय लावून घेतात. हलका स्पर्श असेल तर बिघडत काही नाही. साधी उसण बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरते, श्रेय पायाळूला मिळते. कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातांनी दाब किंवा झटका देऊन मणक्यांचे सांधे हलवणाऱ्या उपचारकाकडे, जातानाही हे ध्यानात असू द्या. कंबरदुखीवर हातांनी केलेल्या या उपचाराचा काहींना फायदा होतो. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत औषधाविना करायच्या उपायांमध्ये तो धरला आहे, पण व्यायामासारख्या इतर उपायांपेक्षा तो फार सरस ठरलेला नाही. ‘कट्’ असा आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्यामुळे. ‘सरकलेले हाड जागेवर बसले’ ही समजूत चुकीची.

कायरोप्रॅक्टरचे शिक्षण कुठे झाले ते आधी विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये पूर्ण प्रशिक्षणासाठी किमान ४२०० तास सुचवले आहेत, चार दिवसांच्या कार्यशाळेवर पाटी लावणारेही भेटतील. हात लावण्याआधी त्याने जुने आजार विचारले पाहिजेत, पायांची ताकद, संवेदना आणि गुडघ्याखाली हलके ठोकल्यावर पाय उडतो का, हे तपासले पाहिजे. पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस बैठकांचे पैसे आगाऊ मागितले किंवा मधुमेह-दमाही बरा करतो म्हणाला, तर परत फिरा. उपचारानंतर एखादा दिवस अंग ठणकणे साहजिक आहे. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल, तर थांबा.

मानेला झटका मात्र कुणाकडूनच घेऊ नका, सलूनमध्ये मालिशनंतर कौतुकाने मान मोडून देतात तो तर नाहीच. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे आतले अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. मानेच्या उपचारानंतर चक्कर, दोन-दोन दिसणे, जीभ जड होणे असे काही झाले तर लगेच रुग्णालय गाठा.

जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, पायातली ताकद जाणे, यांतले काही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, तातडीच्या विभागात जा. ताप, पडल्यानंतरची दुखी, पूर्वीचा कर्करोग, हाडांची ठिसूळता किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असेल तर आधी डॉक्टर, मणक्याला झटके नाहीत.

दुखणे ओसरले की रोज हात-गुडघ्यांवर ओणवे व्हा. एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय सरळ करून आठ-दहा सेकंद धरा, मग बाजू बदला. कंबर हलता कामा नये. वजन उचलायला पुन्हा सुरुवात अर्ध्या भरलेल्या बादलीपासून करा. ती आठवडाभर न दुखता उचलता आली की मग पूर्ण बादली, आणि सिलिंडर सगळ्यात शेवटी.