शिडाच्या बोटीत केबिनमध्ये चार्जिंग सॉकेट कसे बसवावेत

केबिनमध्ये चार्जिंग सॉकेट बसवायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "दिव्याची वायर तिथे आहेच, तिलाच जोड दे." मीही पहिल्या वेळी तेच केलं. पुढच्या केबिनमध्ये वाचनाच्या दिव्यामागे जोड मारला, सॉकेट बसवलं, फोन लावला, चार्ज झाला. दुसऱ्या दिवशी त्याच सॉकेटला लॅपटॉप लावला, तर त्याचा चार्जिंगचा दिवा लागायचा, दोन सेकंदांनी विझायचा, पुन्हा लागायचा. उशाशी असलेला वाचनाचा दिवाही त्याच तालावर लुकलुकत होता. सॉकेट खराब निघालं असं समजून ते बदललं. नवीनही तसंच वागलं.

मीटर लावल्यावर कळलं. बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते आणि लॅपटॉप ओढत असताना सॉकेटवर नऊच्याही खाली. एलईडी दिव्याला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, म्हणून बोट बांधणाऱ्याने तिथे ०.७५ चौरस मिमीची बारीक वायर टाकलेली असते. ६५ वॉटचा लॅपटॉप मात्र सॉकेटमधल्या कन्व्हर्टरची गळती धरून १२ व्होल्टवर साधारण ६ अँपिअर घेतो. त्यात या कन्व्हर्टरचा स्वभाव असा, की व्होल्टेज पडलं की तेवढेच वॉट भरून काढायला तो आणखी अँपिअर ओढतो. त्याने व्होल्टेज आणखी पडतं. शेवटी तो स्वतःच बंद होतो, भार गेल्यामुळे व्होल्टेज सावरतं आणि तो परत चालू होतो. म्हणून ती उघडझाप. सॉकेट दोन्ही वेळा चांगलंच होतं, वायर चुकीची होती.

तेव्हा दिव्याच्या वायरचा नाद सोडा. स्विच आणि फ्यूज असतात त्या पॅनेलपासून केबिनपर्यंत नवी वायर न्यायची आहे. सॉकेट बसवणं हे त्यातलं अर्ध्या तासाचं काम, वायर नेणं हे खरं काम.

मुख्य स्विच बंद, किनाऱ्याची वीज काढलेली, सोलरचा फ्यूज काढलेला, हे वेगळं सांगायला नको. इथे फक्त १२ व्होल्टबद्दल बोलतोय. एसी सॉकेट हवं असेल तर ते जाणकार माणसाकडून करून घ्या. आणि इन्व्हर्टर लावून त्यात घरचा चार्जर खुपसण्याची टूम कोणी काढली तर ऐकू नका. १२ व्होल्ट आधी चढवायचे आणि लगेच उतरवायचे, दोन्हीकडे गळती, शिवाय रिकामा इन्व्हर्टरही बॅटरी खात बसतो.

सॉकेट निवडताना

यूएसबी-सी पोर्टवर 'पीडी' (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेलं हवं, नाहीतर लॅपटॉप त्याला दाद देणार नाही. बहुतेक लॅपटॉप २० व्होल्ट मागतात आणि साधा यूएसबी पोर्ट ५ व्होल्टच्या पुढे सरकत नाही. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेले वॉट बरेचदा सगळ्या पोर्टची मिळून बेरीज असते. एका पोर्टला किती मिळतात ते बारीक अक्षरात शोधा.

जागा

झोपल्या झोपल्या हात पोचेल अशी, पण हॅचच्या, म्हणजे डेकवर उघडणाऱ्या झडपेच्या, खाली नाही आणि बोटीच्या बाहेरच्या कवचाला लागून नाही. कवचावर रात्रीचं दव आतून धरतं आणि ओघळत खाली येतं. बल्कहेडचा, म्हणजे बोटीतल्या आडव्या भिंतीचा, उभा पृष्ठभाग उत्तम. गादीपासून वीतभर वर ठेवा, नाहीतर पांघरूण सॉकेटवर पडून ते तापतं. झाकणाची बिजागरी वरच्या बाजूला, म्हणजे झाकण आपोआप खाली पडतं. बोट दोन्ही बाजूंना कलते तेव्हा माणसाचा गुडघा कुठे जाऊन आदळेल तेही बघा. प्लगसकट सॉकेट चांगलं चार बोटं बाहेर येतं.

दोरी आधी, वायर नंतर

इथेच घोडं अडतं. आतल्या फर्निचरमागे, छताच्या आवरणावर आणि लॉकरच्या पाठीमागे बोटीच्या वायरी ज्या वाटेने जातात ती वाट बोट बांधतानाच बंद झालेली असते. कामगाराने वायरी आधी टाकल्या आणि वरून लाकूडकाम चढवलं. आता तुम्हाला त्याच वाटेने न बघता जायचं आहे.

माझी चूक सांगतो. पुढच्या केबिनकडे जाणारी एक जुनी वायर होती, नाळेवरच्या (बोटीच्या पुढच्या टोकावरच्या) मार्गदिव्याची. ती तशीही काळवंडलेली होती, बदलायचीच होती. म्हटलं, हिच्याच शेपटीला नव्या दोन वायरी बांधू, पुढून जुनी ओढू, नव्या आपोआप पुढे येतील. इन्सुलेशन टेपचे भरपूर वेढे मारले. निम्म्या वाटेत काहीतरी अडलं. मी जोर लावला. मग वायर एकदम हलकी झाली आणि सरसरत हातात आली, टोकाला टेपचा गुंडाळा आणि नव्या वायरीचा पत्ता नाही. जुनी वाट गेली, नवी मिळाली नाही, आणि मार्गदिवा बंद तो बंदच. दोन्ही बंकचे (झोपायच्या बाकांचे) फळ्यांचे तळ, बाजूच्या पट्ट्या आणि छताचा एक पॅनेल उतरवावा लागला. शनिवार-रविवार त्यात गेले. अडथळा निघाला एक केबल टाय, कोणीतरी कधीतरी आत घट्ट आवळलेला.

तेव्हापासून मी वायर ओढत नाही, आधी दोरी ओढतो. तीन-चार मिमीची नायलॉनची दोरी. जुनी वायर काढायची असेल तर तिच्या मागे फक्त दोरी बांधतो. काढायची नसेल तर इलेक्ट्रिशियन वापरतात ती स्प्रिंग एका लॉकरमधून दुसऱ्यात सरकवतो आणि तिच्या टोकाला दोरी लावून परत खेचतो. एका दमात पॅनेलपासून नाळेपर्यंत जायचा हट्ट नको. प्रत्येक लॉकर हा एक मुक्काम समजा.

वाट कुठून? माझं मत पक्कं आहे: वर, डेकच्या कडेखालून, लॉकरच्या मागच्या वरच्या कोपऱ्यातून. बिल्जमधून, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीतून, कधीही नाही. तिथून वाट सोपी असते हे खरं, पण तिथे पाणी असतंच, आज नसेल तर पुढच्या पावसात असेल. पाणी वाहून जाण्यासाठी तळाशी ठेवलेल्या भोकांतूनही वायर घालू नका. ती भोकं तुंबली की पाणी लॉकरमध्ये साचतं. बल्कहेडमध्ये आधीचं भोक असेल तर तेच वापरा. नवं पाडायचंच झालं तर चेनप्लेट (डोलकाठीचे ताण जिथे बोटीला जोडलेले असतात त्या पट्ट्या) आणि डोलकाठीच्या पायापासून लांब पाडा, आणि त्यात रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी कडी, बसवा. बोट चालताना प्रत्येक वायर थोडी हलते, आणि प्लायवूडची कच्ची कड वर्षभरात इन्सुलेशन खाते. सुकाणूजवळच्या होकायंत्राच्या मागून वाट काढू नका. अगदीच इलाज नसेल तर तेवढ्या भागात धन आणि ऋण वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या.

दोरी पार झाली की ती दोन्ही टोकांना ताणून खूण करा, बाहेर काढण्याआधी तिच्या मागे दुसरी दोरी बांधा आणि मग पहिली मोजा. हीच वायरची खरी लांबी. मी पहिल्यांदा टेप घेऊन केबिनच्या जमिनीवरून मोजलं होतं, सहा मीटर भरलं. दोरीने साडेनऊ सांगितलं. वायर वळसे घेते, वर चढते, लॉकरला प्रदक्षिणा घालते. हे आधी कळलं तर वायरची जाडीही बरोबर निवडता येते, म्हणून दुकानात दोरी मोजल्यावरच जायचं.

वायर बांधताना टेपवर विसंबू नका. दोरीची रोलिंग हिच (ताण आला की घट्ट पकडणारी गाठ) केबलच्या बाहेरच्या आवरणावर मारा, टोकापासून दहा सेंटिमीटर मागे. पुढे दोन-तीन अर्ध्या गाठी आणि मग टोकापर्यंत निमुळता होत जाणारा टेप. ताण गाठ घेते, टेप फक्त कोपरे गुळगुळीत करतो. वायरला टाल्कम पावडर चोळा. ग्रीस नको, ते पीव्हीसीला मानवत नाही आणि त्याला धूळ चिकटते. आणि माणसं दोन हवीत. मागचा ढकलतो, पुढचा फक्त ढिलाई गोळा करतो. वेग ढकलणाऱ्याचा. अडलं तर ओढू नका, हातभर मागे घ्या, थोडा पीळ द्या, पुन्हा पुढे. याच वेळी मागे आणखी एक दोरी बांधून ती आतच ठेवून द्या. पुढच्या वर्षी पंखा लावावासा वाटेल तेव्हा उपयोगी पडेल.

सॉकेटच्या मागे हातभर वायर जास्तीची सोडा. सॉकेट केबिनमध्ये बाहेर ओढून काम करता आलं पाहिजे. आणि सॉकेटला पोचण्याआधी वायर थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी त्या वळणावरून गळून पडतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

वायर किती जाडीची

हिशोब सोपा आहे. जाऊन-येऊन लांबी मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, गुणिले ०.०१७५, भागिले वायरचं क्षेत्रफळ चौरस मिमीमध्ये. उत्तर म्हणजे वाटेत हरवणारे व्होल्ट. माझ्या पुढच्या केबिनमध्ये एक लॅपटॉप आणि एक फोन एकदम धरून ८ अँपिअर, जाऊन-येऊन १९ मीटर. २.५ चौरस मिमीला १.०६ व्होल्ट जातात, ४ ला ०.६७, ६ ला ०.४४. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात मार्गदिव्यांसारख्या महत्त्वाच्या गोष्टींना ३ टक्के आणि बाकीच्यांना १० टक्के घट चालते. त्या हिशोबाने २.५ ची वायरही पास होते, पण संध्याकाळी बॅटरी आधीच उतरलेली असताना एक व्होल्ट वाटेत घालवणं मला पटत नाही. मी ४ टाकली. वायर कलई केलेल्या तांब्याची, अनेक बारीक तारांची, दोन गाभ्यांची आणि बाहेर एक आवरण असलेली घ्या. घरातली एकतारी वायर बोटीत नको, ती हलून हलून तुटते.

फ्यूज पॅनेलच्या बाजूला, सॉकेटच्या बाजूला नाही. फ्यूज वायर वाचवतो, फोन नव्हे. ४ चौरस मिमी १५ अँपिअर सहज सोसते, पण सॉकेटच्या कागदावर १० लिहिलं असेल तर १० च लावा. ऋण वायर बसबारवर, म्हणजे सगळ्या ऋण वायरी एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीवर. सगळ्या चार्जिंग सॉकेटना पॅनेलवर स्वतंत्र स्विच द्या. ते छान निळे दिवे आणि व्होल्टमीटर प्रत्येकी २० मिलीअँपिअर जरी खात असतील तरी चार सॉकेटचे महिन्याला ५८ अँपिअर-तास होतात. महिनाभर नांगरून ठेवलेल्या बोटीची बॅटरी तेवढ्याने बसते.

भोक

बहुतेक गोल सॉकेटना २८ किंवा २९ मिमीचा होल सॉ लागतो. आधी २ मिमीचं भोक पाडून वाकवलेल्या तारेने मागे काय आहे ते चाचपा, मास्किंग टेप लावा, समोरून सुरुवात करा.

जोड

वायरवर टर्मिनल दाबून बसवायला रॅचेटवाला क्रिम्पर वापरा, पक्कड नाही. निळे टर्मिनल १.५ ते २.५ चौरस मिमीसाठी, पिवळे ४ ते ६ साठी. निळं हाताशी आहे म्हणून ४ ची वायर चार तारा कापून त्यात कोंबलेली मी पाहिली आहे. तो जोड तापून तपकिरी झाला होता. आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आक्रसणारी नळी) चढवा आणि गार झाल्यावर जोरात ओढून बघा. हातात आला तर आत्ताच आला हे बरं. नुसत्या डाखावर जोड सोडू नका. डाख जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि हलत्या बोटीत नेमकी तिथेच तुटते.

तपासणी

उघडलेलं सगळं परत झाकण्याआधी भार लावून तपासा. जवळपास रिकामा लॅपटॉप लावा, पाच मिनिटं थांबा, बॅटरीवर आणि सॉकेटच्या मागे मीटर लावा. फरक हिशोबातल्या आकड्याच्या आसपास यायला हवा. बराच जास्त आला तर वायर नव्हे, एखादा जोड दोषी आहे. पॅनेल, बसबार आणि सॉकेट तिन्ही ठिकाणी बोट लावून बघा, जो कोमट लागेल तो.

दुसरी तपासणी कोणी करत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कोस्ट गार्डने एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ (बोटीचा रेडिओ) आणि एआयएसमध्ये (जहाजांची जागा कळवणाऱ्या यंत्रणेत) व्यत्यय येतो अशी सूचना काढली होती. चार्जिंग सॉकेटमधलं सर्किट त्याच जातीचं. सगळी सॉकेट बंद ठेवून व्हीएचएफ एखाद्या शांत चॅनेलवर लावा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) खरखर जेमतेम थांबेल इथवर आणा. आता एकेक सॉकेट चालू करा, प्रत्येकात फोन लावून. खरखर परत आली तर ते सॉकेट काढा आणि दुसरं घ्या. वायर जागेवरच आहे, पाच मिनिटांचं काम आहे.