चेनसॉ मिलवर फणसाच्या फळ्या कशा पाडाव्यात

वादळात परसातला जुना फणस आडवा झाला की पहिला विचार जळणाचा होतो. पण दीड फूट व्यासाच्या सरळ बुंध्यातून निघणाऱ्या पिवळ्याधमक फळ्या जाळायच्या नसतात. ओंडक्यापर्यंत टेम्पो येत असेल आणि वखार जवळ असेल तर तिकडेच न्यावा. तिथल्या बँडसॉचा, म्हणजे पट्टा-करवतीचा, काप दोन-तीन मिलिमीटरचा असतो, चेनसॉचा जवळजवळ नऊ, आणि तेवढं लाकूड भुशात जातं. चेनसॉ मिल कामाची ती उतारावर, वहाळापलीकडे किंवा पायवाटेच्या टोकाला पडलेल्या झाडासाठी. तिथे ओंडका हलवण्यापेक्षा फळ्या डोक्यावरून आणणं सोपं.

हत्यार काढण्याआधी एक चौकशी. महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत फणस, आंबा, साग, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं आहेत. आपोआप पडलेलं झाड असलं तरी ते कापायला, जागेवर चिरायला आणि लाकूड गावाबाहेर न्यायला काय कागद लागतात, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून लेखी घ्यावं. फळ्या गाडीत भरल्यावर हा विचार सुचून उपयोग नाही.

यंत्र आणि साखळी

मिल म्हणजे चेनसॉच्या पट्टीला, म्हणजे बारला, घट्ट आवळलेली लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट. चौकट वरच्या सपाट पृष्ठावरून सरकते आणि खाली ठरावीक अंतरावर बार आडवा कापत जातो. त्यामुळे चौकट ज्यावरून सरकते ते पृष्ठ जसं असेल तशीच फळी निघते.

बाजारात सहज मिळणारी ५८ सीसीची चेनसॉ फूटभर रुंदीच्या मऊ लाकडापर्यंत ठीक. दीड फुटाच्या फणसाला ७० सीसी ही खालची मर्यादा, ९० सीसी असेल तर इंजिनाचे हाल होत नाहीत. बारची चार ते सहा इंच लांबी चौकटीतच जाते, म्हणून १८-१९ इंचांच्या ओंडक्याला २४ ऐवजी २८ इंची बार घ्यावा. बारच्या टोकाला फिरतं चाक असेल तर चौकटीचा शिकंजा (क्लॅम्प) त्यावर आवळू नये, मागे घ्यावा. नाहीतर चाक जाम होतं.

नेहमीची साखळी झाड आडवं तोडण्यासाठी असते. तिच्या दातांचा वरचा कोन ३० अंशांच्या आसपास असतो. आपल्याला कापायचं आहे ते रेषांच्या दिशेने, उभं. त्यासाठी १० अंशांची साखळी लागते. तयार मिळाली नाही तर जुनी साखळीच दर धारेला थोडा थोडा कोन कमी करत १० अंशांवर आणता येते. ३/८ इंच पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या) साखळीला ५.५ मिलिमीटरची गोल कानस लागते. दातापुढचा उंचवटा दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली ठेवावा. तो जास्त घासला तर साखळी लाकडाचे लचके तोडते आणि इंजिन दबतं.

सगळे दात सारख्याच लांबीचे हवेत. एका बाजूचे आखूड झाले की काप एकीकडे खेचला जातो आणि फळी मधोमध पोटासारखी फुगीर किंवा खोलगट निघते. अशा वेळी लोक चौकट दोन-दोनदा तपासतात. दोष बहुतेकदा कानशीत असतो.

ओंडका लावणं

ओंडका फळीच्या लांबीपेक्षा सहा इंच जास्त ठेवून तोडावा, कारण टोकं तडकतात. आठ फुटी फळीला साडेआठ फुटी ओंडका. दोन आडव्या लाकडांवर तो जमिनीपासून फूट-दीड फूट उचलावा आणि दोन्ही बाजूंनी पाचरी मारून पक्का करावा. कापायच्या दिशेने किंचित उतार दिला तर यंत्राचं वजनच ढकलायचं निम्मं काम करतं.

साल काढून टाकावी. सालीत माती आणि खडे अडकलेले असतात आणि ते धारेचे शत्रू. फणसाचा चीक कोयत्याला, हाताला आणि नंतर बारच्या खाचेला धरतो. गरे काढताना लावतो तसं खोबरेल तेल इथेही लावावं.

मग खिळे शोधावेत. घराजवळच्या फणसात कपडे वाळवायच्या तारेचा खिळा किंवा कुंपणाची तार हमखास सापडते आणि ती सालीवर दिसतेच असं नाही. ओंडक्याच्या टोकाला निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं धरून चालावं. हातात धरायचा मेटल डिटेक्टर मिळाला तर उत्तम. एक खिळा साखळीचे सगळे दात बोथट करायला पुरतो.

पहिला काप

सगळं काम या एका कापावर उभं असतं. ओंडका गोल, त्यामुळे चौकटीला सरकायला वर सपाट काही नाही. ते आपण पुरवायचं. सरळ, न वाकणारी अ‍ॅल्युमिनियमची शिडी किंवा दोन चौकोनी अ‍ॅल्युमिनियम पाइप आडव्या पट्ट्यांनी जोडून केलेली रूळजोडी घ्यावी. लांबी ओंडक्यापेक्षा किमान दोन फूट जास्त, दोन्ही टोकांना फूटभर बाहेर. ती आखूड असेल तर कापाच्या सुरुवातीला आणि शेवटी चौकट खाली झुकते आणि फळीची टोकं पातळ होतात.

ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना एकेक जाड लाकडी पट्टी स्क्रूने बसवावी आणि त्यावर शिडी टेकवावी. पाणसळीने एका तोंडाची पट्टी समपातळीत करावी, मग दुसरी. नंतर दोन्ही पट्ट्यांवर एकेक सरळ रीप आडवी ठेवून एका टोकाकडून डोळा लावून बघावं. दोन्ही रिपांच्या कडा एका रेषेत दिसल्या पाहिजेत. इथे राहिलेला पीळ शेवटच्या फळीपर्यंत जातो. ओंडका एका बाजूला निमुळता असेल तर दोन्ही तोंडांवरच्या गाभ्यापासून शिडीपर्यंतचं अंतर सारखं ठेवावं. रेषा फळीच्या लांबीला समांतर राहतात.

बारची खोली शिडीच्या वरच्या कडेपासून मोजावी. आपल्या १९ इंची ओंडक्यात माथ्यापासून ६ सेंटीमीटर खाली कापलं तर साधारण ३२ सेंटीमीटर रुंद सपाटी मिळते. तेवढी पुरते. शिडीचे स्क्रू कापाच्या रेषेच्या वरच राहतात ना, हे टेपने मोजावं, अंदाजाने नव्हे.

चिरणं

चौकटीचे नट आवळावेत आणि दर कापानंतर पुन्हा आवळावेत, थरथरीने ते सैल होतातच. पूर्ण थ्रॉटल देऊन सावकाश आत शिरावं. यंत्र रेटायचं नाही. धार असेल तर साखळी स्वतः ओढून घेते. बाहेर भुशाऐवजी पिठासारखी भुकटी येऊ लागली, किंवा जोर लावावा लागला, तर थांबून धार करावी. फणसासारख्या लाकडात दर एक-दोन कापांनी कानस फिरवावीच लागते.

दोन-तीन फूट आत गेल्यावर मागच्या फटीत लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाचर हलक्या हाताने ठोकावी, पुढे दर दोन फुटांवर एक. लोखंडी पाचर नकोच. काप संपल्यावर इंजिन लगेच बंद न करता अर्धा मिनिट मंद चालू द्यावं. उभ्या कापात ते मिनिटं-मिनिटं पूर्ण ताकदीने चालतं आणि तापतं. याच कारणाने कार्बोरेटर नेहमीपेक्षा किंचित जास्त पेट्रोल घेईल असा लावतात. पेट्रोलमध्ये मिसळायच्या २टी तेलाचं प्रमाण मात्र यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच. एअर फिल्टर दर टाकीला झटकावा.

धूर नाकासमोरच सुटतो, म्हणून वारा पाठीवर घेऊन उभं राहावं. कानाला मफ, डोळ्याला चष्मा, पायात जाड बूट. लुंगी किंवा सैल पंचा नेसून हे काम करू नये.

पहिली साल-फळी, म्हणजे वरची गोल पाठीची फळी, उतरली की शिडीचं काम संपलं. चौकट आता थेट सपाटीवरून सरकेल. जाडी ठरवताना आटणं आणि रंधा दोन्ही धरावेत. २५ मिलिमीटरची तयार फळी हवी तर ३० वर कापावं. प्रत्येक फळीमागे ९ मिलिमीटर भुसा जातो. म्हणजे १९ इंचांच्या (४८ सेंटीमीटर) ओंडक्यातून वरखालच्या साल-फळ्या वगळून नऊ फळ्या. मधल्या फळीत गाभा येतो आणि ती तिथेच चिरफाळते. ती मधोमध उभी चिरून दोन अरुंद फळ्या कराव्यात.

कललेल्या झाडाच्या लाकडात ताण असतो. तीन-चार फळ्यांनंतर उरलेला ओंडका कमानीसारखा उचलला जाताना दिसला तर तो उलटा करून दुसऱ्या बाजूने नवी सपाटी घ्यावी.

वाळवण

फळ्यांच्या दोन्ही तोंडांना त्याच दिवशी जाड ऑइल पेंट किंवा वितळलेलं मेण लावावं. तोंडातून पाणी फार वेगाने उडतं आणि तडे तिथूनच सुरू होतात.

फणसाचं आतलं पिवळं लाकूड टिकाऊ, पण कडेचा पांढरट भाग भुंगेरे पोखरतात. एकतर तो कापून टाकावा, नाहीतर १० लिटर गरम पाण्यात ३०० ग्रॅम टाकणखार आणि २०० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवून ओल्या फळ्यांवर दोन हात मारावेत. हे द्रावण पावसाने धुऊन जातं, तेव्हा छपराखालीच ठेवावं.

जमिनीपासून दीड फूट उंच, सपाट बैठकीवर थप्पी लावावी. दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या सुक्या रिपा, दर दीड फुटावर, सगळ्या थरांत एकाखाली एक. रिपा पुढेमागे झाल्या की फळी लाटेसारखी वाकते. माथ्यावर चिरे ठेवावेत, बाजू वाऱ्याला मोकळ्या. प्लॅस्टिकने गुंडाळलेली थप्पी बुरशीने काळी पडते.

इंचाला एक वर्ष हा जुना अंदाज. कोकणात मात्र पावसाळ्यात लाकडाची ओल १६-१८ टक्क्यांखाली जात नाही, मग थप्पी कितीही जुनी असो. म्हणून फर्निचरला हात लावायचा तो उन्हाळ्याच्या अखेरीस आणि मॉइश्चर मीटरने मोजून. फळ्या नाशिक-पुण्याकडे जायच्या असतील तर तिथल्या घरात महिनाभर रिपांवर तशाच ठेवाव्यात, मग जोडाव्यात. नाहीतर चिपळूणला घट्ट बसलेला सांधा घाटावरच्या पहिल्या मार्चमध्ये उघडतो.