गोधडीला गोट लावताना

वरचे कापड, मधले भरण आणि खालचे अस्तर हे तिन्ही थर एकत्र धरून धावदोरा घालून झाला की गोधडी संपत आली असे वाटते, आणि नेमक्या याच टप्प्यावर नवशिक्यांच्या अनेक गोधड्या कपाटात पडून राहतात, कारण गोट, म्हणजे कडेभोवती शिवायची पट्टी, लावणे किचकट असते हा समज मनात पक्का बसलेला असतो. माझी पहिली गोधडीही अशीच बरेच दिवस पडून होती. अडचण टाक्यांची नव्हती, हे मला उशिरा कळले. टीप मारण्यापूर्वीची तयारी मी टाळत होते आणि मागची बाजू हातानेच शिवली पाहिजे, असा हट्टही धरून बसले होते.

तयारी म्हणजे मुख्यतः मोजमाप. गोधडी 60 इंच रुंद आणि 80 इंच लांब असेल, तर तिचा घेर 280 इंच होतो. कोपऱ्यांसाठी आणि शेवटच्या जोडासाठी 12 इंच जादा धरले की 292 इंच पट्टी लागते. कापडाचा वापरण्याजोगा पन्हा 40 इंच असल्यास अडीच इंच रुंदीच्या 8 पट्ट्या, म्हणजे 20 इंच कापड पुरते. कडा सरळ असतील तर कापडाच्या धाग्यात कापलेली पट्टी चालते. उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी कापलेल्या, पट्टीला कापड अधिक लागते आणि तिची खरी गरज गोलाईलाच असते. पट्ट्यांची टोके काटकोनात, सुलट बाजू समोरासमोर ठेवून तिरक्या टिपेने जोडावीत, कारण सरळ जोडल्यास शिवणीची सगळी जाडी एकाच जागी साचते आणि गोटावर गाठ आल्यासारखी दिसते. नंतर पट्टी लांबीत मधोमध दुमडून इस्त्री करावी. सर्वांत जास्त झिजते ती कडच, आणि तिथे कापडाचे दोन पदर आले तर गोट अधिक टिकतो.

मशीनवर बसण्याआधी पट्टी गोधडीभोवती नुसती पसरून पाहावी. यात दोन मिनिटे जातात, पण पट्टीचा एखादा जोड नेमका कोपऱ्यावर येणार असेल तर तो आधीच कळतो. माझ्या पहिल्या गोधडीत तो तसा आला आणि त्या जाडीत सुई मोडली. पट्टी लावताना ती ताणू नये, नाहीतर गोधडीची कड आत ओढली जाते आणि ती जमिनीवर सपाट बसत नाही.

आता सोप्या पद्धतीचे मर्म. हाताने संपवायचे असेल तर पट्टी आधी सुलट बाजूला शिवून ती मागे वळवतात. सगळे काम मशीनवर करायचे असेल तर हा क्रम उलटा करावा. पट्टीच्या मोकळ्या कडा गोधडीच्या मागच्या कडेला जुळवून तीन अष्टमांश इंचावर टीप मारावी, मग दुमडलेली कड पुढे आणून पहिली टीप जेमतेम झाकेल अशी बसवावी आणि अगदी काठावरून दुसरी टीप मारावी. समोरची टीप डोळ्यांसमोर असल्यामुळे ती सरळ येते. मागे गोटालगत एक रेघ उमटते, म्हणून बॉबिनमध्ये अस्तराच्या रंगाचा दोरा भरावा. टाचण्यांऐवजी चिमटे लावल्यास जाड थर सरकत नाहीत आणि बोटेही वाचतात. हातशिलाईचा गोट अधिक देखणा दिसतो, हे मला मान्य आहे. पण वारंवार धुतल्या जाणाऱ्या गोधडीला मी मशीनचाच गोट लावते.

कोपऱ्याशी घाई करू नये. पुढची कड शिवणीच्या रुंदीइतकी, म्हणजे तीन अष्टमांश इंच, उरली असताना थांबावे, टीप पक्की करून गोधडी बाहेर काढावी आणि पट्टी वरच्या दिशेने अशी दुमडावी की ती पुढच्या कडेच्या सरळ रेषेत उभी राहील व तिच्याखाली तिरकी घडी पडेल. ती घडी बोटाने दाबून धरावी, पट्टी पुन्हा खाली आणावी, वरची नवी घडी गोधडीच्या वरच्या कडेशी जुळवावी आणि तिथूनच पुढची टीप सुरू करावी. थांबायचे विसरून कडेपर्यंत टीप गेली तर पट्टी उलटल्यावर कोपरा बोथट होतो; अशा वेळी तेवढीच टीप उसवावी.

शेवटच्या जोडासाठी सुमारे 10 इंच कड न शिवता सोडावी आणि पट्टीची दोन्ही टोके लांब ठेवावीत. ती एकमेकांवर पसरून बरोबर अडीच इंच, म्हणजे पट्टीच्याच रुंदीइतकी, एकमेकांवर येतील अशी कापावीत. मग उलगडून काटकोनात ठेवून तिरकी टीप मारावी. जादा कापड कापण्यापूर्वी पट्टी जागेवर ठेवून पाहावी, कारण इथे पीळ पडणे फार सोपे असते. माझ्याकडून तो दोनदा पडला आहे.

हेही नको असेल तर गोधडीचे अस्तर चारही बाजूंनी 1 इंच जादा ठेवून ते दोनदा दुमडून पुढे आणता येते; अर्ध्या इंचाची कड तयार होते आणि वेगळी पट्टी लागत नाही. लहान दुपट्यासाठी मी हेच करते. मोठ्या गोधडीसाठी मात्र नाही, कारण वेगळा लावलेला गोट विरला तर उसवून नवा लावता येतो, आणि इथे विरते ते अस्तरच.