आधी पुढचं चाक, मग केबिन

१९४७ ते १९५५ मधल्या शेवरोले ३१०० या पिकअप ट्रकची केबिन शेवरोलेच्याच नंतरच्या एस-१० पिकअपच्या चॅसीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, चढवायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. वेल्डिंग, गंजलेला पत्रा कापून नवा जोडणं, ब्रेकच्या नळ्या वळवणं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. येत नसेल तर आधी दुसऱ्या एखाद्या गाडीवर हात बसवा. जुनी केबिन एकदा बिघडली की तशी दुसरी सहज मिळत नाही.

चॅसी निवडताना सगळे व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, बघतात, मीही तेच केलं. ३१०० चा व्हीलबेस ११६ इंच. एस-१० मध्ये छोट्या हौद्याची १०८.३, लांब हौद्याची ११७.९ आणि मोठ्या केबिनची १२२.९. लांब हौद्याची घेतली की फरक उरतो जेमतेम दोन इंचांचा. निवड बरोबरच होती, आजही तीच करेन. चुकलो ते पुढे.

ते दोन इंच कुठे जाणार, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. रिकामी चॅसी स्टँडवर उभी होती. पुढची मडगार्डं गंज काढायला बाहेर दिलेली. हाताशी केबिन आणि हौदा एवढंच होतं, म्हणून मागचं चाक मागच्या मडगार्डाच्या बरोबर मध्ये आणलं, तिथून मापं घेत केबिन ठेवली आणि माउंट, म्हणजे केबिन चॅसीवर धरणारे ब्रॅकेट, पक्के वेल्ड केले. टाके (तात्पुरते ठिपक्यांचे वेल्ड) नव्हे, पूर्ण वेल्ड. दोन महिन्यांनी मडगार्डं आली, लावली, इंजिन बसवलं, गाडी टायरवर उतरवली. पुढचं चाक मडगार्डाच्या कमानीच्या मध्यापासून जवळपास दोन इंच पुढे. स्टिअरिंग वळवलं की टायर मडगार्डाच्या पुढच्या कडेला घासत होता. त्या रात्री शेडचा दिवा बंद करून बराच वेळ तिथेच बसून होतो.

हे नीट समजून घ्या, कारण सगळं काम याच्यावर उभं आहे. पुढचं मडगार्ड केबिनला बोल्टनं जोडलेलं असतं. केबिन जिथे जाईल तिथे ते जाणार, त्याला स्वतंत्र सरकवता येत नाही. मागचं मडगार्ड मात्र हौद्याच्या बाजूला नुसतं बोल्टनं लावलेलं. नवी भोकं पाडली की ते दोन इंच मागे जातं, पायरीची पट्टी तेवढी वाढवावी लागते. म्हणजे चूक पचवण्याची जागा मागे आहे, पुढे नाही. केबिनची जागा पुढच्या चाकावरूनच ठरवायची. दोन व्हीलबेस जुळले म्हणजे केबिन जुळली, असं होत नाही.

शिवाय रिकाम्या चॅसीवर डोळा फसतो. इंजिनाचं वजन नसलं की स्प्रिंग ताणलेल्या राहतात, टायर कमानीच्या खूप खाली लोंबतो आणि पुढेमागे किती सरकलाय ते कळतच नाही.

म्हणून इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, बॅटरी सगळं जागेवर ठेवा. शेवटी वापरणार तेच टायर लावा. एस-१० ला चाकाचे पाच बोल्ट आणि ३१०० ला सहा, त्यामुळे जुन्या रिम तशाच बसत नाहीत. एस-१० चा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, हेही कमी आहे, चाक आत गेलेलं दिसतं. रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसेल, ते आत्ताच ठरवा. केबिन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, दोन्ही मडगार्डं आणि बॉनेट लावा, कमानीच्या मध्यातून ओळंबा सोडा. मग पुढच्या स्प्रिंग काढून जॅकनं सस्पेन्शन पूर्ण वर दाबा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. कुठेही घासलं नाही, तरच टाके. टाक्यांवर आठवडाभर राहू द्या. रोज जाऊन बघा.

माझ्या गाडीवर मी सगळे माउंट ग्राइंडरनं कापले आणि केबिन पुढे घेतली. केबिन पुढे सरकली तसा व्ही-६ इंजिनच्या मागच्या बाजूचा डिस्ट्रिब्यूटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, इतका जवळ आला की टोपी काढायला बोटं जाईनात. फायरवॉलमध्ये खोबण केली, स्टिअरिंगचा दांडा छोटा केला. एकूण चार महिने गेले. पण गेले म्हणून गाडी गेली नाही, हे घाबरलेल्यांना मुद्दाम सांगतो. माउंट कापता येतात, चॅसी घासून पुन्हा स्वच्छ होते.

तयार माउंटच्या किटबद्दल माझं मत चांगलं नाही. ब्रॅकेट चांगले असतील, पण केबिन नेमकी कुठे हवी याचा विचार ते तुमच्याकडून काढून घेतात. उस्तादाचंही तसंच. माझे पहिले उस्ताद कसबी होते, पण प्रत्येक वेळी वेल्डिंगचा टॉर्च माझ्या हातातून घेत. दुसरे उस्ताद मोजायची टेप माझ्या हातात देऊन नुसते उभे राहायचे. मला घडवलं ते दुसऱ्यांनी.

फरशी कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून घ्या, नाहीतर केबिन फाकते आणि दारं परत कधी नीट लागत नाहीत. केबिन आणि चॅसीमध्ये रबरी बुश हवेतच. १९४९ पासून पेट्रोलची टाकी सीटच्या मागे केबिनमध्ये असायची. ती काढा, एस-१० ची चॅसीवरची ठेवा. जुनं वायरिंग ६ व्होल्टचं आहे, त्यातलं काही वाचवत बसू नका.

आणि कागद. अमेरिकेत अशा गाडीची नोंद केबिनच्या नंबरावर की चॅसीच्या, हे राज्यागणिक बदलतं. काहीही कापण्याआधी तुमच्या राज्याच्या वाहन कार्यालयात जाऊन विचारा. नंबराची पट्टी एका गाडीवरून काढून दुसरीवर लावणं हा फेडरल गुन्हा ठरू शकतो. कोणी म्हणेल, सगळेच करतात. ऐकू नका. दोन्ही गाड्यांचे टायटल (मालकीचे कागद) आणि कापण्याआधीचे फोटो एकाच फाइलमध्ये ठेवा. तपासणीच्या दिवशी माझ्याकडे तेच मागितले गेले.