बोनेर की कोझुमेल? डायव्हिंगचं बेट निवडताना या चुका टाळा

कॅरिबियनमध्ये डायव्हिंगला जायचं ठरलं की बहुतेकांच्या यादीत शेवटी दोन नावं उरतात. एक वेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरचं, नेदरलँड्सच्या अखत्यारीतलं बोनेर आणि दुसरं मेक्सिकोचं कोझुमेल. मी दोन्हीकडे डायव्हिंग केलंय. अमेरिकेतली आपली मराठी मित्रमंडळी बुकिंगच्या आधी फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "प्रवाळ कुठलं भारी?"

हा प्रश्नच आधी बाजूला ठेवा. प्रवाळ दोन्हीकडे बघण्यासारखं आहे आणि दृश्यमानता दोन्हीकडे चांगल्या दिवशी तीस मीटरच्या घरात असते. खरा फरक डायव्ह कोण चालवतं यात आहे. बोनेरमध्ये ती तुम्ही चालवता, कोझुमेलमध्ये पाणी चालवतं. सुट्ट्या फसतात त्या हे न कळल्यामुळे.

तारकर्लीचा अनुभव जमेस धरणं

तारकर्ली-मालवणला इन्स्ट्रक्टरने मागून धरून पाण्याखाली नेलं असेल तर तो अनुभव सुंदरच आहे, पण ते डायव्हिंगचं प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणपत्राशिवाय दोन्हीपैकी कुठल्याच बेटावर तुम्हाला आपलं आपण उतरायला हवेची टाकी मिळणार नाही. ओपन वॉटर कोर्स आधी करून घ्या. निदान वर्गातला आणि स्विमिंग पूलमधला भाग घराजवळ उरका आणि समुद्रातल्या डायव्ह तिकडे करा. सुट्टीचे पहिले तीन दिवस हॉटेलच्या खोलीत धडे वाचत काढण्यात काही अर्थ नाही.

प्रमाणपत्र असूनही एक फसगत होते. आमच्या ओळखीच्या पुण्याच्या एका जोडप्याच्या अंदमानात बारा-चौदा डायव्ह झाल्या होत्या. बोनेरला पहिल्या सकाळी टाक्या पिकअपमध्ये टाकून निघाले आणि पाण्याच्या काठावर त्यांच्या लक्षात आलं की आजवर प्रत्येक वेळी पुढे गाईड होता. दिशा त्याने ठरवली, परत फिरायची वेळ त्याने सांगितली, हवा किती उरली हेही त्यानेच विचारलं. दोघंही शहाणी. तशीच परत फिरली, दोन दिवसांसाठी गाईड घेतला आणि तिसऱ्या दिवसापासून आपली आपण उतरली.

म्हणून आधी लॉगबुक उघडा आणि बघा, गाईडशिवाय, फक्त बडीबरोबर, म्हणजे डायव्हिंगच्या जोडीदाराबरोबर, किती डायव्ह केल्यात? शून्य असतील तर बोनेर बाद होत नाही, पण गाईडचे पैसे बजेटमध्ये धरा. कोझुमेलला हा प्रश्न येत नाही, कारण तिथल्या सागरी उद्यानात गाईडबरोबरच उतरावं लागतं.

बोनेर म्हणजे सोपं, असं समजणं

बेटाभोवती भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचा सगळा समुद्र १९७९ पासून संरक्षित आहे. पश्चिम किनाऱ्याच्या रस्त्याला लागून पिवळे रंगवलेले दगड दिसतात आणि त्यावर डायव्हच्या जागेचं नाव असतं. गाडी लावा, साहित्य चढवा, चालत पाण्यात जा. ऐकायला इतकं सोपं वाटतं की लोक घरच्या मऊ तळव्याच्या बुटांवर येतात.

तिथला काठ वाळूचा नाही. मेलेल्या प्रवाळाचे हाडांसारखे तुकडे पायाखाली सरकत असतात, मध्येच धारदार खडक लागतो आणि पाठीवर टाकी, कमरेला वजनं असतात. लाट गुडघ्यापर्यंत येते तेव्हा पाऊल उचललंत की तोल गेलाच. पाय उचलायचा नाही, घासत पुढे सरकवायचा. मास्क डोळ्यांवर, श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडात, बीसीडीत म्हणजे हवा भरून तरंगायच्या जॅकेटात थोडी हवा, फिन म्हणजे पायात घालायचे पंख हातात. पाणी छातीपर्यंत आलं की बडीच्या खांद्याला धरून एकेक फिन चढवायची. काठावर उभं राहून फिन घालणारा माणूस हमखास पडतो आणि पडताना हात प्रवाळावर टेकतो. जाड, कडक तळव्याचे बूट घ्या. हातमोजे चालत नाहीत, तसा तिथल्या सागरी उद्यानाचा नियमच आहे.

'थाउजंड स्टेप्स' नावाच्या जागेला खरं तर सत्तरही पायऱ्या नाहीत. पण डायव्ह संपवून टाकी घेऊन वर चढताना नाव पटतं. गुडघ्याचं दुखणं असेल तर ही जागा बोटीने करा.

पाण्यात उतरल्यावरची चूक म्हणजे परतीची खूण न ठेवणं. उथळ भागातून पुढे गेलं की साधारण दहा मीटरवर उतार सुरू होतो. त्या कडेवर थांबा, मागे वळून बघा, होकायंत्र लावा, बोटी बांधायच्या बोयाचा दोर दिसत असेल तर तो लक्षात ठेवा. मंद का होईना, प्रवाह कुठून आहे ते पाहा आणि जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जा, म्हणजे दमलेले असताना येणं सोपं होतं. येताना कमी खोलीवरून या. चुकून दुसऱ्याच जागी बाहेर पडलात तर घाबरायचं कारण नाही. रस्ता किनाऱ्यालगतच आहे, फक्त उन्हात साहित्य घेऊन चालावं लागेल.

गाडीत मौल्यवान काही ठेवू नका. पाकीट, फोन, पासपोर्ट खोलीवरच राहू द्या. जुने लोक तर काचा खाली करून गाडी उघडीच ठेवतात, कारण आत चोरण्यासारखं काही नाही हे दिसलं की काच फुटत नाही. सॉल्ट पियरला, म्हणजे मीठ भरायच्या धक्क्याखाली, जायचं असेल तर आधी चौकशी करा. धक्क्याला जहाज लागलेलं असेल तर तिथे उतरता येत नाही. आणि कितीही अनुभवी असलात तरी पहिली डायव्ह ओळखीची, म्हणजे नियम ऐकून वजनं तपासण्याची असते. तिच्यासाठी अर्धा दिवस धरा.

कोझुमेलच्या प्रवाहाशी भांडणं

ही चूक माझी स्वतःची. पहिल्याच दिवशी एका कपारीत कोझुमेलचा प्रसिद्ध स्प्लेंडिड टोडफिश दिसला. निळसर-करडे पट्टे, पिवळ्या कडेचे पर, हनुवटीला मिशा. फोटोसाठी मी प्रवाहात जागच्या जागी राहायला जोरजोरात पाय मारत राहिले. दोन मिनिटांत धाप लागली, पंचविसाव्या मिनिटाला माझ्या टाकीत हवेचा दाब ७० बारवर आला आणि माझ्यामुळे बडीलाही लवकर वर यावं लागलं. फोटो हललेला आला.

इथे पाणी बहुधा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतं. बोट तुम्हाला एका ठिकाणी सोडते, बुडबुड्यांच्या मागे येते आणि दुसरीकडे उचलते. थांबायचं असेल तर पाय मारायचे नाहीत. श्वास सोडून खाली, तळाजवळ जायचं, कारण तिथे प्रवाह कमी असतो, आणि एखाद्या मोठ्या प्रवाळाच्या आडोशाला यायचं. तो आडोसा तरंगत गाठायचा, हाताने धरायचा नाही. हे जमायला बॉयन्सी, म्हणजे पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगत राहण्याचं कसब, पक्की लागते. ती कच्ची असेल तर कोझुमेलच्या आधी कुठेतरी चार शांत डायव्ह करा. पोचल्यावरही पहिल्या दिवशी पालांकारच्या उथळ बागा किंवा पाराइसो मागून घ्या, सांता रोसाची भिंत, म्हणजे खोल उतरत जाणारा प्रवाळाचा कडा, नंतर.

गट चुकला तर? मिनिटभर गोल फिरून बघा, बुडबुडे शोधा. नाही दिसले तर सावकाश वर या, ५ मीटरवर तीन मिनिटं थांबा, एसएमबी म्हणजे ती फुगवायची नारिंगी नळी वर सोडा आणि पृष्ठभागावर बीसीडी फुगवून तरंगत राहा. बोटवाले वाहत्या पाण्याला सरावलेले असतात, पण लाटांत नुसतं डोकं त्यांना दिसत नाही. एसएमबी स्वतःची न्या आणि घरच्या पूलमध्ये एकदा सोडून बघा. भिंतीजवळ पाणी खाली ओढतंय असं वाटलं तर भिंतीला चिकटून वर चढायची झटापट करू नका. भिंतीपासून दूर मोकळ्या निळ्या पाण्याकडे सरका, बीसीडीत थोडी हवा घ्या, नजर डायव्ह कॉम्प्युटरवर ठेवा आणि ओढ सुटली की ती हवा लगेच सोडा.

पुंता सुरच्या नावाला भुलणं

कोझुमेलच्या दक्षिण टोकाला, पुंता सुरला, 'डेव्हिल्स थ्रोट' ही प्रवाळातली अरुंद वाट आहे. तिथून बाहेर पडता तेव्हा खोली ४० मीटरच्या आसपास असते. हौशी डायव्हिंगची मर्यादाच तेवढी आहे आणि ओपन वॉटरचं प्रमाणपत्र १८ मीटरचं. बोटीवरचे बाकीचे जात आहेत म्हणून जाऊ नका. "मी नाही" म्हणायला लाजू नका, चांगला गाईड त्याबद्दल तुमचं कौतुकच करेल.

नायट्रॉक्स, म्हणजे जास्त प्राणवायू असलेली हवा, वापरणाऱ्यांची गफलतही इथेच होते. ३२ टक्क्यांचं मिश्रण साधारण ३४ मीटरपर्यंतचं. ४० मीटरवर त्यातल्या प्राणवायूचा दाब १.६ बार होतो, म्हणजे पार टोकाची मर्यादा, आणि अशी अरुंद वाट त्या टोकावर जायची जागा नव्हे. तिथे साधी हवा घ्या. बोनेरला मात्र दिवसाला तीन-चार उथळ डायव्ह होतात, तिथे नायट्रॉक्सचा खरा उपयोग आहे. टाकी स्वतः तपासायची, टक्के स्वतः वाचायचे, मगच सही.

फक्त विमानाचं भाडं बघून महिना ठरवणं

चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. ऑक्टोबर २००५ मध्ये विल्मा वादळ कोझुमेलवर येऊन रेंगाळलं आणि उथळ प्रवाळाची फार मोडतोड झाली. बोनेर बारा अंश उत्तरेला, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरची सुट्टी असेल तर मी डोळे मिटून बोनेर सांगते. तिथेही वारा उलटून पश्चिम किनारा एक-दोन दिवस खवळू शकतो. लांबच्या वादळाच्या लाटांनीही नुकसान झालेलं आहे, १९९९ चं लेनी त्यातलंच. पण धोका खूप कमी.

हिवाळ्यात गणित बदलतं. कोझुमेलला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेचा वारा येतो, तिकडे त्याला 'नॉर्ते' म्हणतात. तो सुटला की बंदराचे अधिकारी छोट्या बोटींना बंदी करतात आणि सगळे किनाऱ्यावर बसतात. चारच दिवसांची सुट्टी असेल तर त्यातले दोन असे जाऊ शकतात, म्हणून निदान सहा दिवस काढा. त्याच थंडीत ठिपकेदार ईगल रे येतात, त्यासाठी ही जोखीम घेण्यासारखी आहे.

खर्चाची अर्धीच बेरीज

बोनेरला बोटीचे पैसे वाचतात, पण पिकअपचं भाडं आणि बेटावरची फी लोक विसरतात. २०२२ पासून पाहुण्यांना ७५ डॉलर प्रवेशकर आहे, शिवाय उद्यानाची ४० डॉलर फी. कोझुमेलला दोन टाक्यांच्या प्रत्येक फेरीचे पैसे आणि गाईडची, बोटवाल्याची टिप धरा. व्हिसाचं वेगळंच. बोनेर नेदरलँड्सचं असलं तरी शेंगेन क्षेत्रात येत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी तिकीट काढायच्या आधी दूतावासाचे ताजे नियम वाचावेत. मेक्सिकोचेही वाचावेत. प्रवासविम्यात डायव्हिंग आहे का आणि किती मीटरपर्यंत, हेही बघा. डायव्हिंगच्या दाबाने होणाऱ्या आजारावर उपचार करायचे दाबकक्ष दोन्ही बेटांवर आहेत, पण उपचार महाग असतात.

शाकाहारी असाल तर कोझुमेलला राजमा-टोर्टिया मागवताना "सिन मांतेका" म्हणा, कारण वाटलेल्या राजम्यात डुकराची चरबी असते. बोनेरला स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि सरळ वरण-भात लावा.

आजारी प्रवाळाकडे दुर्लक्ष करणं

टिश्यू लॉस नावाचा रोग कठीण प्रवाळाला झपाट्याने मारतो. कोझुमेलला तो २०१८ मध्ये दिसला, बोनेरला २०२३ मध्ये. मेंदूसारखे दिसणारे शेकडो वर्षं जुने प्रवाळ काही आठवड्यांत पांढरे पडलेले पाहिले की घसा दाटून येतो. कुठल्या जागी रोग आहे ते विचारा, तिथे उतरलात तर तेच ओलं साहित्य घेऊन दुसऱ्या जागी जाऊ नका, आधी जंतुनाशकाच्या टबात बुचकळा. एका बेटावरून थेट दुसऱ्यावर जाणार असाल तर ही खबरदारी दुप्पट घ्या.

रात्रीच्या डायव्हलाही थोडं भान हवं. बोनेरला टार्पन नावाचे माणसाएवढे रुपेरी मासे तुमच्या टॉर्चच्या उजेडात शिकार करतात. तुम्ही एखाद्या झोपलेल्या माशावर उजेड रोखून धरलात की खांद्यावरून टार्पन झेपावतो आणि तो मासा गेलेला असतो. उजेड फिरता ठेवा.

शेवटच्या दिवशीही डायव्ह करणं

अनेक दिवस रोज डायव्हिंग केल्यावर विमानाआधी किमान १८ तास कोरडे, म्हणजे डायव्ह न करता, ठेवायचे असतात. मी २४ धरते. कोझुमेलहून कानकूनचं विमान पकडणार असाल तर फेरीबोट आणि रस्त्याचा वेळ या तासांत मोजला जातो म्हणून हरकत नाही, पण "सकाळची एकच उथळ करते" हे नको. त्या दिवशी कोझुमेलला सान हेर्वासिओला जा, इश्चेल देवीच्या दर्शनाला माया लोक होड्यांतून जिथे यायचे ती जागा. बोनेरला असाल तर गाडी दक्षिणेला घ्या. मिठागरांचं पाणी गुलाबी असतं, मिठाचे पांढरे ढीग असतात आणि पलीकडे फ्लेमिंगो. साहित्य तोवर बाल्कनीत वाळत असतं.