सरळ शॉटसाठी बॉलिंग बॉल: आवरण आणि छिद्रं

लेन फाउल लाइनपासून (जिच्यापुढे पाय टाकायचा नसतो) हेड पिनपर्यंत (सगळ्यात पुढची पिन) ६० फूट. सुरुवातीच्या साधारण ४० फुटांवर तेल असतं, पुढचा भाग कोरडा. बॉल वळतो तो तिथेच. म्हणून सरळ शॉटसाठी कोरड्या लेनला न चिकटणारं आवरण हवं, म्हणजे पॉलिएस्टर, ज्याला सगळे प्लास्टिक म्हणतात. रिअ‍ॅक्टिव्ह बॉल (कोरड्या भागाला जास्त पकडणाऱ्या रेझिन आवरणाचा) कितीही चकचकीत केला तरी शेवटी वळतोच. त्यावर पैसे घालवू नका.

प्लास्टिकवर चरे पडले की पकड वाढते. ओल्या ४००० ग्रिटच्या (अगदी बारीक) पॅडनं सगळ्या बाजूंनी सारखं घासा, मग पॉलिश. एकच बाजू घासली तर बॉल दर वेळी वेगळा वागतो.

आता छिद्रं. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावात अचूक ड्रिलिंग करणारे कारागीर भरपूर आहेत, पण इथे हाताचं माप ड्रॉइंगपेक्षा महत्त्वाचं. बोटं दुसऱ्या सांध्यापर्यंत जाणारी कन्व्हेन्शनल ग्रिप घ्या. फिंगरटिप ग्रिपमध्ये (बोटं पहिल्या सांध्यापर्यंतच जातात) बोटं उशिरा सुटतात, फिरकी वाढते. अंगठा हलका घासत, पण न अडकता निघाला पाहिजे. छिद्र सैल असेल तर आपण बॉल आवळतो, मनगट वळतं आणि शॉट तिरका जातो. ही चूक सगळ्यात जास्त दिसते.

प्लास्टिक बॉलचा गाभा साधा असतो, त्यामुळे पिन (गाभ्याचं टोक दाखवणारा बॉलवरचा छोटा ठिपका) कुठे येते याचा फरक थोडाच. रिअ‍ॅक्टिव्हच वापरायचा असेल, तर बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो त्याच्या टोकावर पिन ठेवायला सांगा. फ्लेअर, म्हणजे बॉल फिरताना लेनला टेकणारा पट्टा सरकत जाणं, सर्वात कमी राहतो.